नाकी नऊ आणि नंबर नऊ! तिखट रामेनची भन्नाट दुनिया

जपानी जेवण म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? सुशी, वाफाळता भात, मिसो सूप. सगळं कसं सौम्य, शांत, गुणी बाळासारखं. या देशाचा आणि मिरचीचा छत्तीसचा आकडा असणार, असंच आपण धरून चालतो ना? चला तर मग, टोकियोच्या कांदा स्टेशनवर उतरा (कांदा हे स्टेशनचं नाव बरं का, भजीतला नव्हे!) आणि 'किकानबो' नावाच्या दुकानात शिरा. राक्षसांचे मुखवटे, स्पीकरमधून ढोलांचा दणका, काउंटरवर खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं. कपाळावर घाम, नाक लाल, मान खाली. सगळ्यांपुढे एकच चीज: तिखटजाळ रामेन!

माहीत आहे का, इथे तिखटाचे दोन वेगवेगळे रेग्युलेटर असतात? एक 'कारा', म्हणजे मिरचीचा जाळ. दुसरा 'शिबी', म्हणजे जिभेला येणाऱ्या मुंग्या. दोन्हींच्या पाच-पाच पायऱ्या: नको, थोडं, नेहमीइतकं, जास्त आणि सगळ्यात वर 'ओनी', म्हणजे थेट राक्षसी. पाच पंचे पंचवीस! एकाच बाउलचे पंचवीस अवतार. राक्षसी पायरीला जादा पैसे पडतात, घाम मात्र फुकटात येतो.

आता या मुंग्यांचं गुपित ऐका, कारण ते थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतं. जपानचा सान्शो, चीनची सिचुआन मिरी आणि कोकण-गोव्यातलं तिरफळ ही तिन्ही एकाच घराण्यातली! वनस्पतिशास्त्रात या घराण्याचं नाव झँथोक्झायलम. बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडलं की ओठांवर जी हलकी झिणझिणी येते, तिचीच बहीण टोकियोत नूडल्सवर बसलेली असते. मालवणच्या माणसाला 'शिबी'ची ओळख करून द्यायची गरजच नाही. वास आला की तो मान डोलावणार.

आणि ही झिणझिणी चक्क मोजलेली आहे! २०१३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी काही जणांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली आणि बोटाखाली थरथरणारं यंत्र दिलं. ओठ आणि बोट, दोन्हींची थरथर कधी जुळते ते सांगा, म्हणाले. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० कंपनं. म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्या घरातल्या विजेची फ्रीक्वेन्सी तेवढीच, आणि टोकियोतल्या विजेचीही! (ओसाकाची वीज मात्र ६० हर्ट्झची. एकाच देशात दोन फ्रीक्वेन्सी असणं, हेही जपानचं एक नवलच.) तिरफळवाला करंट म्हणतात तो हा.

थांबा, मुळात रामेन जपानी की चिनी? नूडल्स चीनच्या, लाड जपानचे. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० मध्ये 'रायराइकेन' सुरू झालं, योकोहामाच्या चायनाटाउनमधले आचारी आणून. रामेनची लाट आली ती तिथून. शंभरी उलटली तरी आजही लोक त्या दुकानाचं नाव काढतात.

रामेनला स्वतःचा 'डे' पण आहे, माहीत आहे का? ११ जुलै! कारण झकास आहे. इंग्रजी आकड्यातला सात म्हणजे सूपचा खोलगट चमचा आणि अकरा म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन चॉपस्टिक. सातवा महिना, अकरावी तारीख. कॅलेंडरमध्येच ताट वाढून ठेवलंय!

मिरचीचं काय? ती मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात उतरली, आणि जपानच्या किनाऱ्यावरही त्याच शतकात पोहोचली. तिथेही पोर्तुगीजांचंच नाव घेतलं जातं. दोघींचा ट्रॅव्हल एजंट एकच! पुढे आपण तिला वाटणात घातलं, फोडणीत तडतडवलं, ठेचलं, लोणच्यात मुरवलं. जपानी लोकांनी मात्र तिला बराच काळ चिमटीत ठेवलं. १६२५ मध्ये टोकियोत (तेव्हाच्या एदोत) 'यागेनबोरी' हे दुकान निघालं आणि त्यांनी सात जिन्नसांचं मिश्रण विकायला काढलं. तेच ते शिचिमी. मिरची, सान्शो, तीळ, संत्र्याची साल वगैरे. हे दुकान आजही चालू आहे. गणित करा: छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा!

आता सगळ्यात मजेदार स्टॉप. नागोया!

माहीत आहे का, 'तैवान रामेन' तैवानमध्ये जन्मलेलंच नाही? नागोयातल्या 'मिसेन' रेस्टॉरंटचे मालक मूळचे तैवानचे. १९७० च्या दशकात त्यांनी गावाकडच्या एका साध्या नूडल पदार्थावर खिमा, लसूण, हिरवी लसूणपात आणि सढळ हातानं लाल मिरची घातली. कोणासाठी? दुकानातल्या स्टाफच्या जेवणासाठी! मग ते गिऱ्हाइकांच्या टेबलावर आलं आणि तिथून उठलंच नाही. आज नागोयात हे रामेन गावभर मिळतं.

पण खरी धमाल ऑर्डर देताना येते. कमी तिखट हवंय? म्हणा, 'अमेरिकन'. का? कारण जपानमध्ये पातळ, सौम्य कॉफीला 'अमेरिकन' म्हणतात, म्हणून सौम्य रामेनही अमेरिकन! जास्त तिखट हवंय? 'इटालियन'. त्याहून जास्त? 'आफ्रिकन'. जपानी शहरात बसून, तैवानच्या नावाचं, चिनी वंशाचं रामेन अमेरिकन स्टाइलमध्ये मागवा. एका बाउलमध्ये वर्ल्ड टूर, तीही व्हिसाशिवाय!

नागोयाचा आणखी एक कारनामा. २००८ मध्ये 'मेन्या हानाबी' या दुकानात तैवान रामेनसाठी तिखट खिमा करून पाहिला, तर तो त्यांच्या सूपशी काही केल्या जुळेना. टाकून द्यायची वेळ आली. तेवढ्यात दुकानात पार्टटाइम काम करणाऱ्या एकीनं सुचवलं: सूप राहू द्या, नुसत्या नूडल्सवर घालून बघा की! झालं. 'तैवान माझेसोबा' जन्माला आलं. सूप गायब, जाड नूडल्स, खिमा, कच्च्या अंड्याचा पिवळा बलक, पात, लसूण, माशाची पूड. सगळं खालीवर कालवायचं आणि हाणायचं. नूडल्स संपल्यावर तळाशी खिमा उरतो ना? त्यासाठी चमचाभर भात मागायचा. त्याला 'ओइमेशी' म्हणतात. बाउल असा चकाचक होतो की धुणाऱ्याचं काम निम्मं!

१९५८. हे साल लक्षात ठेवा. रामेनच्या कुंडलीत या एका वर्षात इतके ग्रह एकत्र आले की पत्रिका बघणाराही चक्रावेल.

पहिला ग्रह: २५ ऑगस्ट १९५८ ला मोमोफुकू आंदो यांनी जगातलं पहिलं इन्स्टंट रामेन बाजारात आणलं, 'चिकिन रामेन'. दुसरा: चेन केन्मिन हे आचारी. जन्म चीनच्या सिचुआन प्रांतातला (हो, आपल्या चायनीज गाडीवरचं 'शेजवान' तेच), जपानमध्ये आले १९५२ ला, आणि १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत 'शिसेन हान्तेन' उघडलं. तिसरा: उत्तरेकडच्या यामागाता प्रांतातल्या आकायू गावात 'र्यू शांघाय' नावाचं छोटं दुकान सुरू झालं. आणि बोनस: योकोहामात १९९४ पासून जे रामेन म्युझियम आहे, त्यातल्या तळघरातल्या गल्लीबोळांचा सेट कोणत्या सालचा उभा केलाय? बरोब्बर! १९५८!

चेन यांनी काय केलं? सिचुआनमधल्या तिखट दान-दान नूडल्सना सूपच नसतं. नूडल्स आणि मसाला, विषय संपला. चेन यांनी ओळखलं की जपानी गिऱ्हाईक सूपावर जीव टाकतं. त्यांनी तिळाची पेस्ट, मिरचीचं तेल आणि भरपूर सूप घालून नवं 'तान्तानमेन' बनवलं. हिट? सूपरहिट! त्यांचे चिरंजीव चेन केनइची पुढे 'आयर्न शेफ' या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात चिनी खाण्याचे शिलेदार म्हणून लढले. बापानं जपानला तिखट शिकवलं, मुलानं टीव्हीवर रंगवलं.

आकायूच्या 'र्यू शांघाय'ची गोष्ट तर मला फारच आवडते. दुकान बंद झाल्यावर उरलेलं रामेनचं सूप मालक घरी न्यायचे आणि त्यात मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घालून घरच्यांबरोबर खायचे. हे भारी लागतंय, म्हणून १९६० च्या सुमारास मेन्यूवर घेतलं. सूप मिसोचं आणि बाउलच्या मधोमध लाल मिरची-मिसोचा एक गोळा. बस्स! उरलंसुरलं खाण्यातून एका गावाचं नशीब उजळलं. आकायू ज्या नान्यो शहरात येतं, तिथल्या नगरपालिकेत चक्क 'रामेन विभाग' नावाचा उपक्रम आहे. पाणीपुरवठा, घरपट्टी आणि रामेन!

त्या लाल गोळ्याची एक टीप देते, पाठ करून ठेवा: तो गोळा लगेच ढवळू नका. आधी कडेचं सूप तसंच प्या. मग चमच्यानं गोळ्याची एक-एक कड सोडवत जा. सुरुवात गोडसर, मध्य झणझणीत, शेवट लालेलाल. एकाच बाउलमध्ये चढत जाणारा राग! एकदम ढवळलंत तर थेट द्रुत लयीत पोहोचाल आणि आलापी हुकेल.

इथेच जपानी तिखटाची खुबी कळते. आपल्याकडे तिखट वाटणात असतं, रश्श्यात मुरलेलं. खाणाऱ्याच्या हातात फक्त लिंबू आणि कांदा. रामेनच्या बऱ्याच दुकानांत तिखट वर येऊन बसतं: गोळा, तेल, पूड, थेंब. ते किती आणि कधी मिसळायचं, हे ठरवणार तुम्ही. रिमोट तुमच्या हातात!

फुकुओकाच्या 'इचिरान' साखळीनं तर या रिमोटचा फॉर्मच छापलाय. ऑर्डरच्या कागदावर गोल करायचा: नूडल्स किती मऊ, लसूण किती, आणि डुकराच्या हाडांच्या दुधाळ सूपावर लाल सॉस किती. अजिबात नको पासून दहापटीपर्यंत. बसायची जागाही अजब. दोन्ही बाजूंना लाकडी पार्टिशन, समोर बांबूचा छोटा पडदा. तुम्ही, बाउल आणि तिसरं कुणी नाही. परीक्षेला बसल्यासारखं एकाग्र व्हायचं आणि कॉपी करायला शेजारी दिसतही नाही!

आता समुद्रावर चला. टोकियोच्या आग्नेयेला, चिबा प्रांतात, कात्सुउरा नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथला सकाळचा बाजार १५९१ पासून भरतोय. थंडीत समुद्रावरून परतलेले मच्छीमार आणि पाण्यात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या 'अमा' बायका, यांना काय हवं असणार? ऊब! १९५४ मध्ये सुरू झालेल्या 'एझावा' या दुकानानं ती बाउलमध्ये भरून दिली. कात्सुउराचं तान्तानमेन. तिळाची पेस्ट नाही, दूधसाय नाही. सोया सॉसचं सूप, ढीगभर चिरलेला कांदा, खिमा आणि वर मिरचीच्या तेलाचा असा लालभडक थर की मिसळीची तर्री आठवून कोल्हापूरकर हळवा होईल!

मला विचाराल तर तिखट रामेनच्या सगळ्या नकाशात हे अव्वल. का, तर इथलं तिखट पैज मारण्यासाठी आलेलं नाही. गार पाण्यात तासन्‌तास काम केलेल्या माणसांच्या अंगात धग परत आणायला ते आलं. सूप गरम, तेल गरम, आणि तो तेलाचा थर झाकणासारखा वर बसतो म्हणून सूप शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतं. गावठी विज्ञान, शंभर टक्के पास! २०१५ मध्ये जपानच्या गावोगावच्या खाण्याची मोठी स्पर्धा, 'बी-वन ग्रांप्री', झाली आणि सोनं कुणी नेलं? कात्सुउराच्या चमूनं.

विज्ञानाचा विषय निघालाच आहे तर माहीत आहे का, मिरची तिखट ही 'चव' नाहीच? तो ताप आहे! जिभेवर उष्णता ओळखणारा एक सेन्सर असतो, नाव टीआरपीव्हीवन. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेलं की तो बोंब ठोकतो: भाजलं, भाजलं! मिरचीतलं कॅप्साइसिन त्याच सेन्सरचं बटन दाबतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं हा सेन्सर शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मिरचीनं डोळ्यांत पाणी आणलं, आणि स्टॉकहोमहून मेडलही!

आता जोडा दोन्ही. तिखट रामेन म्हणजे उकळता रस्सा आणि मिरची एकत्र. एकाच बेलवर दोन बोटं! म्हणून तेवढीच मिरची गार कोशिंबिरीत सुसह्य वाटते आणि रामेनमध्ये कानांतून धूर काढते.

मग दुकानदार टेबलावर गार पाण्याचा जग ठेवतो, त्याचं काय? पाण्यानं घटकाभर गार वाटतं, पण कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही. ते तेला-तुपात विरघळतं, आणि दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला धरून सेन्सरपासून दूर नेतं. थोडक्यात, वाचवणार दूध. झणझणीत रामेनच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाचा छोटा डबा घेऊन ठेवा, आयुष्यभर दुवा द्याल.

पक्ष्यांना मात्र मिरची झोंबतच नाही, माहीत आहे का? त्यांचा सेन्सर कॅप्साइसिनला दादच देत नाही. पोपट मजेत मिरची खातो ते उगाच नाही. मिठू मियाँला राक्षसी पायरीचं रामेन दिलं तरी तो 'अजून' म्हणेल!

चला, आता बॉस लेव्हल. टोकियोच्या इताबाशी भागातलं 'मोको तानमेन नाकामोतो'. इथे प्रत्येक पदार्थासमोर तिखटाचा नंबर असतो, शून्यापासून. दुकानाचा हुकमी एक्का 'मोको तानमेन' पाचावर: मिसोचं सूप, शिजून मऊ झालेल्या भाज्या आणि वर तिखट माबो टोफू. आणि वरच्या टोकाला, नऊ नंबरवर, 'होक्क्योकू रामेन', म्हणजे उत्तर ध्रुव रामेन. नाव बर्फाचं, काम वणव्याचं! नऊ नंबर खाताना नाकी नऊ आले नाहीत तर सांगा. तरी जुन्या गिऱ्हाइकांचं भागत नाही. ते 'ध्रुव, पाचपट' अशी ऑर्डर देतात.

या दुकानाची कहाणी तर सिनेमाला द्यावी अशी. १९६८ मध्ये सुरू झालेलं मूळ दुकान १९९८ मध्ये बंद झालं. मालकांचं वय झालं होतं. शिराने माकोतो नावाचं एक नियमित गिऱ्हाईक हवालदिल झालं. ही चव संपणार? त्यांनी मूळ मालकांना गळ घातली, त्यांच्याकडून सगळं शिकून घेतलं आणि २००० मध्ये दुकान पुन्हा उघडलं. काउंटरच्या या बाजूचा माणूस उठून त्या बाजूला गेला! आज त्याच्या शाखा आहेत, आणि त्याच नावाचे कप नूडल्स सेव्हन-इलेव्हनच्या शेल्फवर मिळतात. एका खवय्यानं एक दुकान वाचवलं. फॅन क्लबवाल्यांनो, याला म्हणतात फॅन.

दक्षिणेला, मियाझाकी प्रांतात, 'कारामेन' मिळतं. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, पात, सूपात मोडलेलं अंडं आणि तिखटाचे नंबर वीसच्या पुढे. यातल्या खास नूडल्सना 'कोन्न्याकू मेन' म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यात कोन्न्याकू हा कंद नसतोच! गव्हाचं आणि बकव्हीटचं, म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूचं पीठ असतं. फक्त चावायला तशाच लवचीक, म्हणून नाव पडलं.

आणि हिरोशिमात? तिथे तिखट थंडगार! गार नूडल्स, उकडलेला कोबी, आणि बुडवायला लालेलाल, मिरची-तिळाचा गार सॉस. उन्हाळ्यात हवंच.

मुळात जपानला हे तिखटाचं वेड लागलं कधी? १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये 'कारामुचो' नावाचे तिखट चिप्स आले आणि शाळकरी पोरांपासून सगळे हॅ-हू करत खाऊ लागले. १९८६ मध्ये 'गेकिकारा', म्हणजे जहाल तिखट, या शब्दाला वर्षातल्या नव्या शब्दांच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं. २००९ मध्ये मोमोया कंपनीनं चमच्यानं खायचं मिरचीचं तेल काढलं. त्याचं नाव वाचा: 'तिखट वाटणारं पण तिखट नसलेलं, थोडंसं तिखट रायू'! एवढं नाव वाचेपर्यंत बाटली संपायची; दुकानांत खरोखरच तुटवडा पडला. आणि २०१३ पासून टोकियोच्या शिंजुकू भागात चक्क जहाल तिखटाचा उत्सव भरतो, तोही ऐन उन्हाळ्यात!

महागडं असेल ना हे सगळं? नाही हो! टोकियोच्या ओत्सुका भागातलं 'नाकिर्यू' हे दहा खुर्च्यांचं छोटं दुकान. २०१७ च्या मिशेलिन गाइडमध्ये त्याला एक स्टार मिळाला. खासियत? तान्तानमेन! तेव्हा एक बाउल १००० येनच्या आत होता. जगातल्या सर्वांत स्वस्त स्टारपैकी एक, आणि तोही तिखट. मिरचीनं कॉलर ताठ करावी असा क्षण!

दुकानात शिरल्यावर गोंधळू नका. दाराशी बहुधा तिकिटांचं मशीन असतं: आधी पैसे, मग बटन, मग कुपन आचाऱ्याच्या हातात. काय दाबायचं कळत नसेल तर सगळ्यात वरचं, डावीकडचं बटन बघा; दुकानाची खासियत बहुतेक तिथेच असते. टिप द्यायची नसते. कागदी एप्रन मिळतो का विचारा, कारण लाल तेलाचा डाग पांढऱ्या शर्टावर जन्मठेप भोगतो.

आणि आवाज! रामेन सुर्र करून ओढायचं, हे ठाऊक असेलच. पण तिखट रामेन जोरात ओढलंत तर मिरचीची वाफ थेट घशात आणि मग असा ठसका की अख्खं दुकान वळून पाहील. पहिले दोन-तीन घास चमच्यात घेऊन, हळूच. मग खुशाल मैफल रंगवा.

तिखट नूडल्सचा प्रवास जपानबाहेरही जोरात आहे. कोरियाची सामयांग कंपनी, जिच्या जाळ काढणाऱ्या 'बुलदाक'चे रील्स तुमच्या घरातली मुलं बघत असतात, तिनं १९६३ मध्ये पहिलं इन्स्टंट नूडल काढलं ते जपानच्या म्योजो कंपनीकडून तंत्र शिकून! २०२४ मध्ये डेन्मार्कनं बुलदाकचे तीन प्रकार फार तिखट म्हणून दुकानांतून परत मागवले, आणि महिन्याभरात त्यातल्या दोन प्रकारांना पुन्हा सोडलं. विद्यार्थी शिकवणाऱ्यापेक्षा तिखट निघाला!

आपणही मागे नाही बरं का. २०२३ मध्ये इन्स्टंट नूडल्स खाण्यात भारत जगात तिसरा होता, चीन आणि इंडोनेशियाच्या मागे. ज्या जपानमध्ये हे सगळं सुरू झालं, तो आपल्या मागे! आणि आंदो यांच्या निस्सिन कंपनीचं 'टॉप रामेन' भारतात आलं १९९१ मध्ये. तेव्हाच्या डब्यात ते खाल्लेली मंडळी आज टोकियोत खऱ्या रामेनच्या रांगेत उभी असतात.

अंतराळात? तिथेही! २००५ मध्ये सोइची नोगुची हे अंतराळवीर डिस्कव्हरी यानातून गेले ते 'स्पेस राम' घेऊन. यानात पाणी उकळतं मिळत नाही, म्हणून ७० अंशांवर शिजणाऱ्या नूडल्स. सूप उडून तरंगू नये म्हणून दाट. आणि चार चवींमध्ये एक करी! मसाला पृथ्वीच्या कक्षेत पोहोचला की.

आता शेवटचा आणि सगळ्यात कामाचा नगेट, खास शाकाहारी मंडळींसाठी. बहुतेक रामेनच्या सूपात डुकराची किंवा कोंबडीची हाडं, नाहीतर सुके मासे असतात. वरचे मांसाचे तुकडे बाजूला काढून भागत नाही, रस्साच सामिष. मग ट्रिपवर गेलेल्यांनी फक्त बघत बसायचं? मुळीच नाही! टोकियो स्टेशनच्या आतच, केइयो स्ट्रीट नावाच्या भागात, 'टीज तानतान' आहे. तिथलं तान्तानमेन पूर्ण वनस्पतीजन्य: तिळाचं दाट सूप, सोयाचा खिमा, वर मिरचीचं तेल. पांढऱ्या तिळाचं घ्या नाहीतर काळ्या तिळाचं. तिकिटाच्या फाटकाच्या आतच असल्यामुळे शिंकान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, अर्धा तास असला तरी पुरतो. फक्त बॅग पायाशी ठेवा, एप्रन बांधा आणि पहिला घास हळू घ्या!